काळकोठीची बोलती भिंत

चिचगोंदीच्या काळकोठीत लोक सगळ्यात जास्त कशाला घाबरतात असं कुणी विचारलं, तर तिचे मालक भैय्याजी छाती फुगवून सांगतात, "भिंतीला!"

तसं बघायला तिथं पुष्कळ आहे. दारातच लाल बल्ब. मग कवट्यांची रांग. मग छताला टांगलेला सांगाडा. मग काळा अंगरखा घालून साखळ्या आपटणारा दारोगा. पण या सगळ्यांकडे बघून लोक हसतात, मोबाईल काढतात, दारोग्याच्या गळ्यात हात टाकून फोटो घेतात. तिसऱ्या खोलीत आलं की मात्र हसणं थांबतं. कारण तिथं दारोगा तोंड उघडायच्या आधी भिंत बोलते. तो जे म्हणणार असतो तेच, घशातल्या घशात, भुसभुशीत आवाजात, भिंत आधी म्हणते. मग दारोगा म्हणतो. मग भिंत पुढचं म्हणते. जवाहरनगरच्या फॅक्टरीत तीस-तीस वर्षं दारूगोळ्याशेजारी नोकरी केलेली माणसं रविवारी सहकुटुंब येतात आणि इथं बायकोच्या पदराला धरून उभी राहतात.

ही भिंत म्हणजे धनीराम वलथरे. वय अडुसष्ट.

भिंतीच्या मागं हातभर रुंदीची बोळ आहे. तिथं एक स्टूल, एक झिरोचा बल्ब, पाण्याची बाटली आणि दोनशे पानी रजिस्टर. समोर एका विटेएवढं भोक, त्यावर गोणपाटाचा तुकडा. धनीराम तिथं बसतो आणि वाचतो. घाबरवायचा त्याचा काडीचाही विचार नसतो. तो फक्त प्रॉम्प्टिंग करतो.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. कलाकार आज या गावात, उद्या त्या. पाठांतराला वेळ कुणाला? मग स्टेजच्या तोंडाशी खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो आणि वही उघडून अख्खं नाटक सांगतो. नायक रडतो ते त्यानं सांगितल्यावर, खलनायक हसतो तेही त्यानं सांगितल्यावर. बापानं धनीरामला तलावावर न्यायचं म्हणून जाळं विणायला शिकवलं होतं. धनीरामनं मात्र बाविसाव्या वर्षी वही धरली ती तेहतीस वर्षं सोडली नाही. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा कुणी पाहिला नाही आणि त्याच्याशिवाय एकही नाटक उभं राहिलं नाही.

या धंद्यानं त्याला एक खोड लावली. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की धनीरामच्या तोंडून पुढचं वाक्य निघतं. त्याला आवरतच नाही.

"आज लाखांदूरच्या बाजारात ना..." त्याची बायको जिजा मासळीची टोपली उतरवत म्हणते, आणि श्वास घ्यायला थांबते.

"गर्दी नव्हती," धनीराम.

"अवो, मले बोलू द्याल का? गर्दी होती. लय होती. मी काई वेगळंच सांगून राहिली होती."

"काय?"

"आता गेलं ते! चाळीस वर्षं झाली लग्नाले, माह्या मनानं एक वाक्य पुरं केलं नसन मी."

काळकोठी सुरू झाली त्याला आता चौदा वर्षं झाली. तुमसरचे भैय्याजी, राइस मिलवाले, कुठल्याशा मोठ्या शहरात भुताचा महाल बघून आले. तिथं म्हणे इतिहासातले जल्लाद, इतिहासातल्या कैदी बाया, सगळं जिवंत माणसं करून दाखवतात. झालं! भैय्याजींच्या डोक्यात तेच बसलं. चिचगोंदीच्या तलावाकाठी दगडी भिंतींची एक जुनी इमारत वटवाघळं सांभाळत उभी होती, ती त्यांनी घेतली. भुतं करायला नाटकातली पोरं मिळाली. पण इतिहास कुठून आणायचा?

"भूत तं कोठंही भेटते, धनीरामभाऊ," भैय्याजी म्हणाले. "मले इतिहास पाहिजे. लोकाइनं घरी जाऊन म्हटलं पाहिजे, भेलो पण शिकून आलो."

"पण भैय्याजी, हा तं कोंडवाडा होय. सुटलेली ढोरं कोंडत होते इथं."

"कोन सांगते?"

"सारं गाव सांगते. ह्या भिंतीतल्या कड्या पाहा. म्हशी बांधाच्या कड्या आहेत."

"कडी लोखंडाची आहे. तिच्यावर म्हशीचं नाव लिवलं आहे का?"

नव्हतं. तेव्हा धनीरामनं चार दिवसांत इतिहास लिहिला. एक क्रूर दारोगा. त्याचे कैदी. तलावावरून दिसणारा फाशीचा खांब. आणि सोनकी. नवऱ्याला सोडवायला कोठीत आलेली, आणि दारोग्यानं भिंतीत चिणलेली बाई. ओळी हाताला आपोआप सुचत गेल्या. पेंटरनं तो इतिहास बाहेरच्या फलकावर रंगवला. वर मोठ्या अक्षरात "काळकोठी: इतिहासाचा थरकाप".

मग गंमत सुरू झाली. शाळांच्या सहली यायला लागल्या, पोरं फलक वहीत उतरवून घ्यायला लागली. एका मास्तरांनी त्यावर निबंध लिहून घेतला. आणि एके दिवशी गावचा एक म्हातारा पारावर धनीरामला म्हणाला, "तो दारोगा माह्या आज्यानं डोऱ्यानं पाहला होता. उजव्या गालावर डाग होता त्याच्या."

धनीराम घरी आला तो चप्पल न काढताच आत येऊन बसला.

"काय झालं?" जिजानं विचारलं.

"त्या दारोग्याच्या गालावर डाग होता म्हणते."

"मंग?"

"मी तं लिवला नव्हता डाग."

"मंग त्याच्या आज्यानं पाहला असन."

"अवं, पण दारोगाच नव्हता ना!"

"तुमाले काय माहीत?" जिजा मासळी धूत म्हणाली. "तुमी होता का तवा?"

धनीराम विचार करत राहिला. खरंच, तो काही तेव्हा नव्हता.

यंदाच्या श्रावणात पारडटोल्याच्या बाया एसटीनं कोठी बघायला आल्या. त्यांच्यात एक होती शकुनबाई. बहात्तर वर्षांची, म्हातारपणी माहेरी भावाच्या घरी राहणारी, हाडांची काडं झालेली, नाकावर जाड भिंगाचा चष्मा. तिसऱ्या खोलीत दारोग्याचं काम करणाऱ्या विक्कीनं साखळ्या आपटल्या, सोनकी झालेल्या रितानं केस मोकळे सोडून किंकाळी मारली, भिंत बोलली, बाया एकमेकींवर पडत, ओरडत, हसत बाहेर पळाल्या. विक्की आणि रिता चहाला गेले.

गोणपाटाच्या फटीतून धनीरामला दिसलं, एक म्हातारी गेलीच नाही.

ती भिंतीजवळ आली. लोखंडी कडी तिनं बोटांनी चाचपली, जशी एखादी बाई नातवाचा कान चाचपते. मग भोकाच्या अगदी समोर तोंड आणून हळूच म्हणाली,

"बाई... म्हशी घरी आल्या होत्या व. दोनी आल्या. दिवस बुडाच्या आंदीच आल्या. तू काहून नाही आली?"

आणि थांबली.

ते थांबणं धनीरामला ओळखीचं होतं. स्टेजवर नट असा थांबतो तेव्हा हजार माणसांचा श्वास अडकतो, आणि तो श्वास सोडवायचं काम खड्ड्यातल्या माणसाचं असतं. ही बाई कोण, म्हशी कुठल्या, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण समोर कुणीतरी थांबलं होतं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"वाट बंद झाली, माय."

शकुनबाई किंचाळली नाही. तिनं तळहात भिंतीवर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"असंच वाटत होतं मले," ती म्हणाली. आणि पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागं टाकत बाहेर गेली.

धनीराम स्टूल उचलून बोळीच्या तोंडाशी जाऊन बसला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला भिंतीची भीती वाटली.

आठ दिवसांनी शकुनबाई परत आली, ती तिच्या मोठ्या भावाला, सोमाजीला घेऊन. सोमाजी सत्याहत्तरचा. हातात काठी, पण टेकायला नाही, दाखवायला. तिकीटखिडकीसमोर दोघं उभी राहिली आणि भैय्याजींना बाहेर बोलावलं. धनीराम बाजूच्या बाकावर चहा पीत होता. त्याला कुणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

"माह्या बाबाची माय," शकुनबाई सांगायला लागली, "बाबा सहा वर्षांचा होता तवा ह्या कोठीत म्हशी सोडवाले आली. शेवटची इथंच दिसली. म्हशी घरी आल्या, ती नाही आली. लोकं म्हणले, पळून गेली कोनासंगं. बाबा मरेपर्यंत त्याले तेच ऐकवलं लोकाइनं."

"हिचं ऐकू नोका," सोमाजी मध्येच म्हणाला.

"ऐकतील! पितरांच्या दिवशी आमच्या घरी साऱ्याइची पानं पडते. आज्याचं पडते, चुलत आज्याचं पडते, एक काका दोन दिवसांचा होऊन मेला त्याचंही पडते. तिचंच नाही पडत. हा टाकू देत नाही."

"कसं टाकू?" सोमाजीनं काठी आपटली. "मेली का जिती, हेच माहीत नाही. जित्या माणसाचं पान टाकते का कोनी? पाप लागते."

"आता माहीत झालं. ती इथं भिंतीत आहे. तिनं मले सांगतलं, वाट बंद झाली म्हणून."

"मंग भिंत फोडा," सोमाजी भैय्याजींकडे वळला. "हाडं निंगाली तं मी सोताच्या हातानं पान टाकतो. नाही निंगाली तं हिनं पुन्हा नाव काढाचं नाही त्या बाईचं. मरेपर्यंत."

शकुनबाईनं भावाकडे बघितलं. "कबूल," ती म्हणाली.

धनीरामच्या हातातला चहा बशीत सांडला.

भैय्याजींनी मात्र दोन मिनिटं डोळे मिटले आणि उघडले तेव्हा ते चमकत होते. बहीण-भाऊ एसटीकडे गेल्यावर त्यांनी धनीरामला आत ओढलं. "भाऊ! पितृमोक्ष अमावस्येच्या आदल्या रविवारी फोडू. साऱ्याइच्या समोर. मंडप टाकू, पेपरवाले बलावू."

"भैय्याजी, भिंतीमागं मी बसतो."

"त्या दिवशी नोको बसू."

"अन् हाडं?"

"सांगाडा आहे ना आपल्याजवळ, पहिल्या खोलीतला."

"प्लास्टिकचा आहे तो!"

"मातीत माखू. कोनाले समजते?"

"अवो, त्या हाडाइले अग्नी देतील ते लोकं!"

"वितळन," भैय्याजी जरा हळू आवाजात म्हणाले. मग पुन्हा जोरात, "तिले पान भेटन ना? भेटन. मंग कोनाचं काय गेलं?"

धनीरामला नेहमी दुसऱ्याचीच वाक्यं सुचायची, आणि इथं स्वतःचं लागत होतं. खरं सांगावं, तर त्या कोण कुठल्या बाईचं पान जातं, कायमचं. नाही सांगावं, तर तिच्या नावानं प्लास्टिक जळतं. आणि मधल्यामध्ये एक प्रश्न त्याला दातात अडकल्यासारखा टोचत होता. सोनकी त्याला सुचली कशी? चिणलेली बाई, हीच कोठी, हाच तलाव. त्यानं रचली म्हणावं, तर शकुनबाईची आजी कुठून आली? आणि नव्हती रचली, तर त्याला कुणी सांगितली?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं पलंगाखालची पेटी ओढली. तेहतीस वर्षांच्या वह्या. वाळवीनं खाल्लेल्या, चहाचे डाग पडलेल्या.

"काय शोधून राहिले?" जिजा.

"एक बाई."

"ह्या वयात?"

"भिंतीतली, वं!"

दुपारी उन्हं कलली तेव्हा सापडली. वहीला पुठ्ठा नव्हता, पहिलं पान नव्हतं, शेवटचं पान नव्हतं. नाटकाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. पण तिसऱ्या अंकात ती उभी होती. सोनकी. नवऱ्याला सोडवायला आलेली. दारोगा तिला भिंतीत चिणतो. म्हणजे त्यानं रचली नव्हती. एवढी वर्षं त्याला वाटत होतं ते आपल्याला सुचलं, आणि ते नुसतं आठवलं होतं.

समासात त्याच्याच बाविसाव्या वर्षीच्या कोवळ्या अक्षरात गावांची नावं होती. नाटक जिथं जिथं झालं तिथं तिथं तो टिपून ठेवायचा. तीनच नावं. त्यातलं शेवटचं होतं पारडटोला, मंडई, १९७९.

"जिजे," तो म्हणाला. "हे नाटक त्यांच्याच गावात झालं."

"मंग सोपं आहे," जिजा म्हणाली. "लिवणाऱ्यानं त्या गावात ऐकलं अन् नाटक लिवलं."

"का मंग गावानं नाटक पाहलं अन् त्यांची आजी..." तो थांबला. पहिल्यांदाच तो थांबला होता, आणि जिजाकडेही पुढचं वाक्य नव्हतं.

पारडटोल्याला जायला लाखांदूरहून दुसरी एसटी. दोन्ही बाजूंना धान गुडघ्याएवढं झालेलं. धनीरामनं वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. सगळी वाट तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता, आणि शकुनबाईच्या अंगणात उभा राहिला तेव्हा त्यातलं एकही शिल्लक नव्हतं.

शकुनबाई सुपात लाखोळी डाळ निवडत होती. सोमाजी ओसरीवर खाटेवर पाठ करून पडला होता.

"कोन जी तुमी?"

"मी..." धनीरामनं पिशवी छातीशी धरली. "मी भिंत होय."

शकुनबाईनं चष्मा वर केला. "काय होय?"

मग त्यानं तोच आवाज काढला. घशातल्या घशात. "वाट बंद झाली, माय."

सूप तिच्या मांडीवरून घसरलं. डाळ अंगणभर झाली. कोंबड्या धावल्या, तिनं हाकलल्या नाहीत.

"तुमी बोलले होते?"

"हो जी."

"काहून?"

"तुमी थांबल्या. मी प्रॉम्प्टर आहे. कोनी थांबलं का माह्या तोंडून निंगून जाते. माफी करा. भिंतीमागं कोनी नाही. एक स्टूल आहे अन् पाण्याची बाटल."

खाटेवरचा सोमाजी उठून बसला. "आयकलं का, शकुन? आयकलं? नाटक होय ते!" पण त्याच्या आवाजात जिंकल्याची खुशी नव्हती. जसं काही त्यालाही मनातून भिंतीत हाडं हवी होती.

शकुनबाई डाळ टिपणाऱ्या कोंबड्यांकडे बघत होती. धनीरामनं दात घट्ट आवळून धरले.

"मंग नाव?" शेवटी ती म्हणाली. "सोनकी, हे आमच्या आजीचं नाव तुमाले कोनं सांगतलं?"

त्यानं वही काढून तिच्यापुढं ठेवली. नाटकाचं सांगितलं. मंडईचं सांगितलं. साल ऐकताच तिनं कपाळावर हात मारला.

"अवो, मी होती ना! मी मंडईसाठी माहेरी आलती. पहिला पोरगा कडेवर होता माह्या. दारोगा लय उंच होता, त्याच्या गालावर काळा रंग लावला होता."

"उजव्या?"

"उजव्याच."

"मंग तो डाग..." धनीराम बोलता बोलता अडखळला. पारावरच्या म्हाताऱ्याचा आजा आणि पारडटोल्याची मंडई त्याच्या डोक्यात एकमेकांत गुंतून गेली.

"ती बाई भिंतीत उभी होती," शकुनबाई सांगत होती, "चेहराच दिसत होता. सारी मंडई रडत होती. तिची पोरगी तिले विचारते, माय, तू येत काहून नाही? अन् ती बाई गपच उभी. गपच. मंग म्हणली..." आता तिचाच आवाज भुसभुशीत झाला. "वाट बंद झाली, माय."

धनीराम मटकन खाली बसला. डाळीवरच.

"ते नाटकात नव्हतं," तो म्हणाला.

"मी माह्या कानानं ऐकलं."

"ऐकलं तुमी. पण वहीत नव्हतं. शेवटचं पान त्याच दिवशी वाऱ्यानं उडालं, खड्ड्यातून. मले दिसलं, पेट्रोमॅक्सच्या उजेडात उडून चाललं. बाई वर उभी, माह्याकडं पाहून राहिली. मंग मले जे सुचलं ते सांगतलं. माह्या जल्मातलं पहिलं सोताचं वाक्य होतं ते. मी तं इसरूनही गेलतो."

"मंजे तवाही तुमीच," शकुनबाई म्हणाली, "अन् आताही तुमीच."

"हो जी."

"अन् मी त्या दिवसापासून समजून राहिली का हे भिंतीचं बाबानं सांगतलं म्हणून." ती गोंधळून आपल्याच तळहाताकडे बघायला लागली. "थांबा. म्हशी बाबाच्या. म्हशीचं बाबा रोज सांगे. तुमच्या नाटकात म्हशी होत्या का?"

"नाही."

"मंग म्हशी खऱ्या. भिंत नाटकाची. नाव?"

"नाटकात सोनकीच आहे."

"बाबा तिले माय म्हणे. दुसरं काही कधी म्हटलंच नाही." ती भावाकडे वळली. "दादा, बाबाच्या मायचं नाव काय होतं?"

सत्याहत्तर वर्षांत सोमाजीला हे कुणी विचारलं नव्हतं. "लोकं... पळालेली म्हणत," तो म्हणाला आणि स्वतःच शरमला.

"का लिवणाऱ्यानं इथंच येऊन नाव विचारलं असन?" धनीराम म्हणाला. "का तुमी नाटकातून उचललं? मले काहीच समजून नाही राहिलं, बाई. मी खरं सांगाले आलतो. पण खरं काय ते मलेच नाही माहीत."

कोंबड्यांनी निम्मी डाळ संपवली होती. शकुनबाई उठली, उरलेली सुपात भरायला लागली. दोन मुठी भरल्या आणि तिचा हात अधांतरी राहिला.

"दादा," ती म्हणाली. "बाबा कोन्या सालचा?"

"बाविसचा."

"त्याची माय त्याच्याहून विसेक वर्षानं तरी मोठी असन."

"असन."

"मंग आज ती किती वर्षाची राहती?"

सोमाजीनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "सव्वाशेच्या जवळ जाते."

"मंग जिती असन का?"

सोमाजीनं मोजलेली बोटं मिटली.

"सांग ना, दादा! इतकी वर्षं तू म्हणून राहिला, मेली का जिती माहीत नाही. आता तं माहीत आहे ना? भिंतीत मरो, तलावात मरो, नाहीतं कोनाच्या घरी चांगली म्हातारी होऊन खाटेवर मरो. मेली तं आहे!"

सोमाजी काठीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत राहिला. एवढा साधा हिशेब. त्याच्या बापाला सुचला नव्हता, त्याला सुचला नव्हता. "ते तं आहे," तो शेवटी पुटपुटला. "पण लोकं..."

"लोकाइची पानं लोकं टाकतील. तू आपल्या घरचं टाक."

"भिंत नाही फोडत मंग?" धनीरामनं विचारलं.

"कायले फोडता? तुमी बसान कोठं?"

भैय्याजी दोन दिवस धनीरामशी बोलले नाहीत. मंडपवाल्याला नाही म्हणून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तिसऱ्या दिवशी मात्र धनीरामनं हट्टच धरला की फलकाच्या तळाशी एक ओळ वाढवा. पेंटर आला, ओळ रंगवून गेला, "ही इमारत गुरांचा कोंडवाडा होती, असेही काही लोक सांगतात."

भैय्याजींनी ती लांबून वाचली, जवळून वाचली. "काही लोक बरोबर आहे," ते म्हणाले. "सारे नोको लिवू."

पितृमोक्षाच्या दिवशी धनीराम आणि जिजा पारडटोल्याला गेले. शकुनबाईचा निरोपच तसा होता, दोघांनीही या, जेवूनच जा. एसटीत जिजानं त्याला बजावलं होतं, "तिथं तोंड उघडाचं नाही. दुसऱ्याच्या घरचे पितर आहेत."

"नाही उघडत."

"ते कुठं थांबले तं..."

"नाही उघडत म्हटलं ना!"

"हे पाहा, आताच उघडलं."

परसात सारवलेल्या जागेवर पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या होत्या. भात, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. सोमाजी स्वच्छ धोतर नेसून पाटावर बसला होता. समोर निखारे. एकेक नाव घेऊन तो तूपभाताचा घास निखाऱ्यावर सोडत होता. तूप चरचरत होतं.

"बाबाच्या, लखाजीच्या नावानं." घास. "मायच्या, भागाबाईच्या नावानं." घास. "आज्याच्या, झिंगरूच्या नावानं." घास. मग चुलत आजा. मग तो दोन दिवसांचा काका, ज्याला नावच नव्हतं, त्याला "लेकराच्या नावानं".

एक पत्रावळ उरली. ती शकुनबाईनं स्वतःच्या हातानं शेवटी मांडली होती, जरा मोठी.

सोमाजीनं घास उचलला. "आजीच्या..." तो म्हणाला, आणि थांबला.

निखाऱ्यांचा धूर सरळ वर जात होता. शकुनबाई हात जोडून उभी होती, ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. सुना, नातवंडं, सगळी सोमाजीकडे बघत होती. आणि सोमाजीनं मान न वळवता, फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून, धनीरामकडे बघितलं.

तेहतीस वर्षं धनीरामनं ती नजर खड्ड्यातून बघितली होती. पण तेव्हा मांडीवर वही असायची. आता मांडीवर काही नव्हतं. माहीत नसलेलं नाव एका मेलेल्या बाईला लावायचं? का तिला पुन्हा बिननावाची ठेवायची? त्यानं दात आवळले. वचन दिलं होतं.

त्याच्या बरगडीत कोपर बसलं. जिजाचं.

"सांगा ना," ती कुजबुजली. "थांबला आहे तो."

"मले पक्कं नाही माहीत," धनीराम तिच्याहून हळू म्हणाला.

"कोनालेच नाही."

सोमाजीचा हात अजून निखाऱ्यावरच होता. घास बोटांतून निसटायच्या बेतात होता.

"सोनकी," धनीराम म्हणाला. घशातल्या घशात.

"सोनकीच्या नावानं!" सोमाजी म्हणाला, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, आणि घास सोडला. तूप चरचरलं. शकुनबाईनं डोळ्याला पदर लावला.

बरोबर झालं की चूक, धनीरामला कळलं नाही. त्याचं बोट मात्र सवयीनं मांडीवर सरकलं, पान उलटायला, आणि तिथं नुसतंच धोतर होतं.